काठीचे पाडवी ते काठीची ग्रामसभा

भारताची राज्यघटना १९५० साली अमलात आली, त्या वेळी पाचव्या अनुसूचीला अनुसरून आदिवासी क्षेत्रांची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने जाहीर झाली. तत्कालीन मुंबई राज्यातील पश्चिम खानदेश जिल्ह्याची नोंद आज वाचताना नवल वाटते. तालुके, पेटा आणि महाल यांची नावे सांगून झाल्यावर, पुढील मेहवासी प्रमुखांच्या मालकीची गावेही या क्षेत्रात समाविष्ट आहेत, असे तेथे नमूद केले आहे. मग सहा नावे येतात : काठीचे पाडवी, नालचे पाडवी, सिंगपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावा आणि नवलपूरचे पाडवी. प्रजासत्ताकाच्या अगदी पहिल्या वर्षातील हा कागद; परंतु त्यात गावांची ओळख पटते ती गावकऱ्यांवरून नव्हे, त्यांच्या धन्यांवरून.

पुढे १९८५ साली महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रांची यादी नव्याने करण्यात आली. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील नवापूर, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके त्या यादीत संपूर्णपणे समाविष्ट झाले. पाडवी, वळवी, वसावा ही नावे कागदावरून गळाली. या दोन कागदांच्या दरम्यान काठीतील सत्ता एका घराण्याकडून निघून मतपेटीकडे गेली. ती लोकांपर्यंत पोहोचली काय? आणि ज्यांना लोक निवडून देतात, त्यांच्याकडून लोकांची नेमकी अपेक्षा तरी कोणती? प्रश्न काठीचा असला तरी तो आपणां सर्वांचा आहे. काठीचा इतिहास मात्र तो अधिक स्पष्टपणे विचारतो, म्हणून आज त्या गावाकडे वळू या.

मेहवासचा मुलूख

काठी हे गाव नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्या परिसरात, सातपुड्याच्या डोंगरात वसले आहे. एका अंगाला नर्मदेचे खोरे, दुसऱ्या अंगाला तापीचे. पश्चिमेला गुजरातची सीमा. वस्ती भिल्ल समाजाची. घरे एका जागी दाटीने बांधलेली नसतात. टेकडीटेकडीवर, शेताच्या उशाला एकेक घर, आणि अशा घरांचा मिळून एक पाडा. या रचनेचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे; त्याकडे पुढे येऊच.

पेशवाई १८१८ साली संपली आणि खानदेश इंग्रजांच्या हाती आला. मैदानातील गावांवर अंमल बसवणे त्यांना जमले. डोंगर मात्र सहजी वाकेना. फौजेच्या बळावर भिल्लांना नमवण्याचे प्रयत्न फसल्यावर सरकारने धोरण बदलले. १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि जेम्स औट्रम याच्या हाताखाली भिल्लांचीच पलटण उभारण्यात आली. सातपुड्यातील छोट्या संस्थानिकांची सत्ता मोडण्यापेक्षा ती मान्य करून तिच्यामार्फत कारभार पाहणे सरकारला सोयीचे वाटले. १८४६ च्या कायद्याने हा मुलूख सर्वसाधारण न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढून एजंटाकडे सोपवण्यात आला. १८७४ चा अनुसूचित जिल्ह्यांचा कायदा, त्यानंतर १९३५ च्या कायद्याखालील 'अंशतः वगळलेल्या क्षेत्रां'चा १९३६ चा आदेश, आणि शेवटी स्वतंत्र भारताचा १९५० चा आदेश, या साऱ्यांतून मेहवासी प्रमुखांची तीच यादी वारशासारखी उतरत आली.

या व्यवस्थेची एक बाजू संरक्षणाची होती. बाहेरचे कायदे, सावकारी दस्तऐवज आणि मैदानातील वकिली यांचा थेट शिरकाव डोंगरात होऊ नये, असा तिचा हेतू सांगितला जाई. पण दुसरी बाजू अशी की, काठीच्या माणसाचा सरकारशी संबंध येई तो केवळ पाडवींच्या आणि एजंटाच्या मार्फत. ज्या काळात मताधिकार मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींनी जखडलेला होता, त्या काळात डोंगरातल्या कुळाला मत कोठून असणार? त्याच्या वतीने बोलणारा होता. पण त्याने निवडलेला नव्हता.

तथापि संस्थानिकाकडे लोक काही अपेक्षेने पाहत होते, हेही विसरून चालणार नाही. तो त्यांच्याच समाजाचा होता, त्यांचीच बोली बोलत होता, आणि त्याचे घर डोंगरातच होते. भांडण झाले, बैल चोरीला गेला, दोन गावांत हद्दीवरून तेढ आली, तर दाद मागायला धुळ्यापर्यंत चालत जावे लागत नसे. त्याच्या बाजूला गावाचा पाटील, पुजारा आणि वडीलधाऱ्यांचा पंच असे. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जमिनीचे हक्क संस्थानिकाचे आणि राबणारे हात कुळांचे, हे तिचे वास्तव होते. पण 'आपला म्होरक्या हाकेच्या अंतरावर असावा' ही अपेक्षा त्या काळातच रुजली, आणि ती पुढे कोणत्याही कायद्याने पुसली गेली नाही.

एकाच वर्षीचे दोन कायदे

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ साली दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. पश्चिम खानदेशातील मेहवासी इस्टेटींचे मालकी हक्क रद्द करणारा विनियम त्या सालचा. आणि जिल्हा परिषदा व पंचायत समित्या स्थापन करणारा महाराष्ट्राचा प्रसिद्ध कायदाही त्याच सालचा. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये मांडलेली लोकशाही विकेंद्रीकरणाची कल्पना वसंतराव नाईक समितीने महाराष्ट्राच्या परिस्थितीत बसवली आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. ग्रामपंचायतींचा कायदा १९५८ पासून होताच.

म्हणजे काठीच्या परिसरात जुना धनी गेला आणि नवा लोकप्रतिनिधी आला, तो एकाच दाराने, एकाच हंगामात. लोकांना या दोघांतील फरक समजावून सांगण्यास मात्र कोणी फारसे आले नाही. जे आले ते ग्रामसेवक, तलाठी आणि वनरक्षक. त्यांतही डोंगरातल्या माणसाला सरकार दिसले ते प्रामुख्याने वनरक्षकाच्या रूपाने. कारण ज्या जंगलातून मोहाची फुले, डिंक, चारोळी आणि घरासाठी बांबू येई, त्या जंगलाचा मालक म्हणून आता सरकार उभे होते. आजोबापणजोबांपासून कसलेली जमीन 'अतिक्रमण' या नावाने ओळखली जाऊ लागली.

अशा स्थितीत निवडून आलेल्या माणसाकडून पहिली अपेक्षा निर्माण झाली ती मध्यस्थाची. साहेबांशी बोलता येणारा, मराठी कागद वाचता येणारा, तालुक्याला जाऊन काम करून आणणारा, तो पुढारी. हातपंप, रस्ता, आश्रमशाळेतला प्रवेश, जातीचा दाखला, घरकुल या गोष्टी जो आणून देतो त्याला मत, असा हिशेब बसला. या हिशेबाला हसण्याचे कारण नाही. ज्याच्या घरापर्यंत पावसाळ्यात रस्ता नाही, त्याने रस्ता मागितला तर तो स्वार्थी ठरत नाही. तरीही या हिशेबात एक खोट होती. आणून देणारा माणूस हळूहळू देणारा होतो. आणि देणाऱ्याला कोणी जाब विचारीत नाही, त्याला नमस्कार घालतात. पाडवींचे आसन रिकामे झाले होते. त्या आसनावर कोणी बसू नये, हा लोकशाहीचा अर्थ. पण व्यवहारात त्यावर दुसरेच कोणी बसू लागले.

मैदानातली आणि नदीकाठची शिकवण

नेतृत्वाची वेगळी कल्पना प्रथम दिसली ती डोंगराच्या पायथ्याशी. शहादे तालुक्यात १९७१-७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने भिल्ल शेतमजुरांची चळवळ उभी राहिली. हातातून गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात, मजुरी वाढावी आणि अत्याचारांना आळा बसावा, या तिच्या मागण्या. याच चळवळीतून श्रमिक संघटना पुढे आली. अन्याय्य रीतीने हस्तांतरित झालेल्या आदिवासींच्या जमिनी परत करण्यासाठी महाराष्ट्राने १९७४ मध्ये कायदे केले, त्यामागे अशा चळवळींचा रेटा होता. अंबरसिंगांना लोक मानत ते त्यांच्याजवळ निधी किंवा खुर्ची होती म्हणून नव्हे. ते लोकांबरोबर चालत आणि लोकांचे म्हणणे सरकारदरबारी जसेच्या तसे मांडत. सरकारचे म्हणणे लोकांपर्यंत आणणारे पुष्कळ होते. लोकांचे म्हणणे वर नेणारा दुर्मीळ होता.

दुसरा धडा नर्मदेच्या काठचा. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९ मध्ये आला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातील ३३ गावे जाणार होती. ती सारी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील, आदिवासींची. त्यांतील मणिबेली हे गाव काठीच्याच तालुक्यातले. गावाच्या भवितव्याचा निर्णय झाला तेव्हा गावाला कोणी विचारले नाही. विचारावे असे कायद्यात कोठे लिहिलेही नव्हते. मणिबेलीच्या लोकांनी नर्मदा बचाओ आंदोलनात जी झुंज दिली ती जगभर गाजली. जागतिक बँकेने ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या स्वतंत्र समितीने १९९२ च्या अहवालात पुनर्वसनाच्या तयारीवर कठोर टीका केली, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने बँकेच्या कर्जाचा उरलेला भाग नाकारला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीची घरे पाण्यात गेली.

धरणाविषयी वाचकांची मते भिन्न असू शकतील. परंतु एका गोष्टीवर दुमत होऊ नये. त्या काळी सरपंचापासून खासदारापर्यंत निवडून दिलेली माणसे होती. तरीही आपले घर पाण्याखाली जाणार की राहणार, किती पाणी चढणार, बदली जमीन कोणती आणि कोठे, या साध्या प्रश्नांची उत्तरे गावाला वेळेवर आणि समजेल अशा भाषेत मिळाली नाहीत. लोकप्रतिनिधीने धरण थांबवलेच पाहिजे होते असे नव्हे. निदान खरे काय ते गावात येऊन सांगावे, एवढी अपेक्षा तरी रास्त होती.

कायद्याने दिलेले आसन

डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत छोटा नागपूरचे जयपालसिंग मुंडा बोलावयास उभे राहिले. १९२८ च्या ऑलिंपिक विजेत्या हॉकी संघाचे कर्णधार आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेले हे ख्रिस्ती आदिवासी नेते. आदिवासींना लोकशाही शिकवण्याची भाषा करू नका, लोकशाहीची रीत त्यांच्याकडूनच शिकावी लागेल, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. या म्हणण्याला कायद्याचे रूप यायला पन्नास वर्षे लागली.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. पंचायतींना घटनेचे अधिष्ठान मिळाले आणि स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. अनुसूचित क्षेत्रांना ही दुरुस्ती जशीच्या तशी लावायची नव्हती. म्हणून दिलीपसिंह भूरिया समितीच्या शिफारशींनंतर २४ डिसेंबर १९९६ रोजी पंचायतींचा अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार करणारा कायदा आला. 'पेसा' या नावाने तो ओळखला जातो. महाराष्ट्राने त्याचे नियम केले ते मात्र २०१४ साली, म्हणजे सतरा वर्षांनंतर.

या कायद्याचे मर्म असे, की त्याने अधिकाराचा क्रम बदलला. एरव्ही सरपंच आणि सदस्य निवडले जातात आणि ग्रामसभा त्यांचे ऐकते. पेसाच्या गावात विकासाची योजना राबवण्यापूर्वी ग्रामसभेची मान्यता घ्यावी लागते. लाभार्थी कोण, हे ग्रामसभा ठरवते. खर्च योग्य झाला असा दाखला पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यायचा असतो. भूसंपादनापूर्वी सल्लामसलत, गौण खनिजांच्या परवान्यापूर्वी शिफारस, गौण वनोपजाची मालकी, दारूवर बंदी वा नियंत्रण, सावकारीवर देखरेख आणि गावचा बाजार हे विषय या कायद्याने ग्रामसभा आणि पंचायत यांच्या हाती दिले आहेत. राज्यात २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी या ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसलेल्या वनजमिनीचा दावा प्रथम तपासण्याचे कामही ग्रामसभेकडेच सोपवले. कालपर्यंत ज्याला अतिक्रमण म्हणत, त्याची साक्ष आता गाव देऊ शकते.

हे केवळ कागदावरचे नाही, हे दोन ठिकाणी सिद्ध झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने वर्षानुवर्षे एकमताने निर्णय घेण्याची शिस्त पाळली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना गावाच्या हाती आला. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले. तेथील बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि तो मानला गेला. वीस वर्षांपूर्वी मणिबेलीला जो प्रश्न कोणी विचारला नव्हता, तो अखेर नियमगिरीच्या लोकांना विचारण्यात आला.

रिकाम्या सभा

मग काठीसारख्या गावातून अडते कोठे? प्रथम पाड्यांचा प्रश्न. ग्रामपंचायत एक, पाडे अनेक, आणि एका टोकाच्या पाड्यावरून सभेच्या जागी येण्यास डोंगर उतरून चढावा लागतो. पेसाची गावाची व्याख्या याचसाठी वेगळी आहे. एखादा पाडा वा पाड्यांचा समूह परंपरेने आपला कारभार पाहत असेल, तर तो स्वतंत्र गाव मानला जाऊ शकतो आणि त्याची स्वतःची ग्रामसभा भरू शकते. ही तरतूद लोकांना सांगणे आणि तिचा पाठपुरावा करणे, हे काम लोकप्रतिनिधीचे. पण त्यात त्याचा तोटा आहे. कारण जितक्या सभा अधिक, तितके प्रश्न विचारणारे अधिक.

दुसरा प्रश्न तारखांचा. ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरवतात. नंदुरबार जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत आणि अन्यत्र जातात. २६ जानेवारीच्या सभेत पुढील वर्षाच्या कामांवर सही होते, तेव्हा ज्यांच्यासाठी ती कामे आहेत ते दूरच्या फडावर कोयते चालवीत असतात. पेटीत मत टाकायला त्यांना गाडी करून आणले जाते. मत सांगायला मात्र कोणी बोलावीत नाही.

तिसरा प्रश्न भाषेचा. गावाची भाषा भिली आणि तिच्या बोली. अजेंडा, ठराव आणि परिपत्रक मराठीत. आपली मराठी आपल्याला कितीही प्रिय असो, ज्याला ती परकी आहे त्याच्यापुढे ठराव वाचून दाखवणे आणि तो समजावणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठरावावर उमटलेला अंगठा संमती ठरतो. समजुतीची खूण मात्र तो असतोच असे नाही.

चौथा प्रश्न पदाच्या किमतीचा. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. सरपंचपदाचा लिलाव झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. बिनविरोध निवडणूक हा एके काळी गावाच्या एकोप्याचा गौरव होता. तो एकोपा बोलीच्या पैशाने विकत घेता येतो, असे एकदा मान्य झाले की मग ज्याने विकत घेतले त्याला जाब कोण विचारणार? सरपंच थेट जनतेतून निवडावा की सदस्यांतून, याचा नियम सरकारने २०१७, २०२० आणि २०२२ असा पाच वर्षांत तीनदा फिरवला. तिन्ही वेळी निर्णय मुंबईत झाला. सरपंच कोणत्याही रीतीने निवडा, तो उत्तर कोणाला देतो हा प्रश्न तेथेच राहतो.

होळीचा धडा

काठीचे नाव आज महाराष्ट्रात सर्वांत अधिक ओळखले जाते ते तेथील राजवाडी होळीमुळे. परंपरा तिचा आरंभ १२४६ सालापर्यंत नेते. गुजरातच्या जंगलातून उंच बांबू आणला जातो. तो रोवण्यासाठीचा खड्डा अवजाराविना, हातांनी खणतात. रात्रभर ढोल घुमतो, मोरपिसांचे टोप घातलेले आणि कमरेला घुंगरू व भोपळे बांधलेले नर्तक फेर धरतात, आणि पहाटे होळी पेटते. हजारो माणसे महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून डोंगर चढून येतात. ऊसतोडीला गेलेलेही परततात.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक प्रश्न पडतो. संस्थान १९६१ मध्ये गेले. त्या घराण्याकडे आता ना वसूल, ना शिपाई, ना निधी. तरीही होळीचा मान त्याच्याकडे आहे आणि लोक त्या मानाला मान देतात. बोलावणे न धाडता सारे येतात. हे कसे?

उत्तराचा काही भाग 'पाळणी'त सापडतो. होळीत जे बुध्या, बावा, मोरखी म्हणून पुढे होतात, ते आधी काही दिवस व्रत पाळतात. खाटेवर निजणे नाही, चैन नाही, संयमाने राहणे. मान मिळण्यापूर्वी ते स्वतःवर बंधन घालून घेतात, आणि ते पाळले की नाही हे साऱ्या गावाला दिसत असते. उत्तराचा दुसरा भाग खड्ड्यात आहे. तो हातांनी खणायचा असल्यामुळे त्या कामात कोणाचे अवजार मोठे ठरत नाही. शेतात एकमेकांच्या कामाला जाण्याची 'लाह' ही जुनी रीत याच वृत्तीची. ज्या समाजाने ही रीत शतकानुशतके राखली, त्याला सहभाग म्हणजे काय हे परिपत्रकातून शिकवण्याची गरज नाही.

यातूनच निवडून आलेल्या माणसाकडून काठीची अपेक्षा वाचता येते. त्याने गावात राहावे आणि सर्वांत दूरच्या पाड्यावर त्याचा पाय पडावा. खरे असेल ते, कडू असले तरी, गावाच्या बोलीत सांगावे. आलेला पैसा आणि गेलेला पैसा सभेत मोजून दाखवावा. गावाचा होकार असेल तर होकार आणि नकार असेल तर नकार, जसाच्या तसा वर न्यावा. आणि पद स्वीकारण्यापूर्वी व पद असेपर्यंत त्याने काही पाळणी पाळावी. सभा अशा दिवशी भरवावी की ऊसतोडीहून परतलेला माणूस तीत बसू शकेल. होळीनंतरचे दिवस त्याला काय वाईट?

आपल्यासाठी

आपण काठीचे नाही; आपल्यापैकी कित्येकांनी सातपुडा पाहिलाही नसेल. परंतु गावाचा निर्णय कोणी घ्यावा, हा प्रश्न आपल्या दारात येऊन गेला आहे. वसई-विरार महानगरपालिका जुलै २००९ मध्ये अस्तित्वात आली, तेव्हा चार नगरपरिषदांबरोबर अनेक ग्रामपंचायतीही तीत विलीन झाल्या. आमची ग्रामपंचायत राहू द्या, म्हणून कित्येक गावे रस्त्यावर उतरली, न्यायालयात गेली. त्या वेळी आपणच म्हणत होतो की, दूरच्या कार्यालयातील अधिकाऱ्यापेक्षा गावचा सरपंच बरा; त्याला निदान घरी जाऊन गाठता येते. ही भाषा सातपुड्याचीच.

ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीतही हे तत्त्व आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या परिपत्रकात असे मांडले की, जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते मोठ्या सत्तेने त्याच्या हातून काढून घेणे हा अन्याय आहे. मोठ्याने लहानाला साहाय्य करावे, त्याला गिळू नये. पेसाचा कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात ते परिपत्रक असण्याचे कारण नाही. तरी दोन वेगळ्या वाटांनी माणसे एकाच ठिकाणी पोहोचली, हे आपण ध्यानात घ्यावे.

मात्र या तत्त्वाचे एक ओझे आहे, आणि ते पुढाऱ्यावर ढकलता येत नाही. लहान समूहाने काम करण्यास तयार असले पाहिजे. ग्रामसभेला किती जण बसतात? नगरसेवकाच्या वार्षिक हिशेबाची प्रत आपण कधी मागितली आहे काय? धर्मग्राम परिषदेची सभा घोषित झाल्यावर 'फादर ठरवतील ते खरे' म्हणून घरी राहणारे आपणच असतो. आणि मग निर्णय एकट्याने घेतला अशी कुरकुर करणारेही आपणच. जो समाज लहान सभेत बोलायला शिकत नाही, तो मोठ्या सभेत केवळ टाळ्या वाजवतो. मुलांनी घरात, धर्मग्रामात, गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीत हिशेब मागताना आणि देताना मोठ्यांना पाहिले, तर उद्या त्यांना नगरसेवकापुढे उभे राहून प्रश्न विचारताना भीती वाटणार नाही.

१९५० च्या आदेशात काठीच्या नावापुढे एका धन्याचे नाव होते. १९९६ च्या कायद्याने त्या जागी ग्रामसभा बसवली आहे. ती भरली, बोलली, विचारती झाली, तर निवडून आलेला माणूस आपोआप सेवक राहील. कारण त्याला धनी होण्यास जागाच उरणार नाही. ती रिकामी राहिली, तर मात्र कोणी ना कोणी येऊन त्या जागी बसेल, आणि त्याचे आडनाव कोणतेही असो, काठीला पुन्हा एक पाडवी मिळालेला असेल, ज्याने कोणतीच पाळणी पाळलेली नाही.